फॉक्स मस्टँगचं पुढचं टोक: ड्रॅगसाठी स्पिंडल आणि ब्रेक बदलताना

फोर्डने १९७९ ते १९९३ या काळात फॉक्स प्लॅटफॉर्मवर बनवलेली मस्टँग अमेरिकेतल्या कुठल्याही ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीच्या पट्ट्यावर, आजही हमखास दिसते. गाडी हलकी आहे, ५.० लिटरच्या व्ही-८ ची ताकद वाढवणं सोपं आहे आणि सुटे भाग मुबलक मिळतात. लोक आधी इंजिनवर पैसे घालतात, मग मागच्या ॲक्सलवर, मग नक्षी नसलेल्या, चिकट स्लिक टायरवर. पुढचे ब्रेक मात्र कंपनीने दिले तेच राहतात. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, १४ सेकंदांच्या घरात कापणाऱ्या गाडीसाठी जे ब्रेक होते, तेच ती १० सेकंदांवर आली तरी कायम. मला हे मुळीच पटत नाही.

एक हिशेब करून बघा. गाडी चालकासकट १,४५० किलोची धरू. ताशी १०० मैलांना तिच्यात सुमारे १४.५ लाख जूल ऊर्जा असते. १३० मैलांना तोच आकडा साडेचोवीस लाखांवर जातो. वेग ३० टक्के वाढला, पण ब्रेकला पचवायची उष्णता जवळपास ७० टक्क्यांनी वाढली. फिनिश लाइनच्या पुढे थांबायला जागा तेवढीच असते. टायर चिकटावा म्हणून रबर आणि ग्लूने तयार केलेला पट्टाही तिथे बहुधा संपलेला असतो.

आधी टायर, मग ब्रेक

सगळ्यात मोठे ब्रेक घ्यायचे, असा विचार पहिल्यांदा मनात येतो. ड्रॅगच्या गाडीला तो लागू पडत नाही. पुढे आपण १५ × ३.५ इंचांची अरुंद चाकं लावतो. तो चार-साडेचार इंचांचा टायर जमीन जेवढी धरतो, त्याहून जास्त ब्रेक दिला तर चाक जाम होऊन घसरणार. घसरणाऱ्या चाकाला स्टीअरिंग नसतं. १३ इंचांची डिस्क असलेला मस्टँग कोब्राचा ब्रेक रस्त्यावर उत्तम आहे, पण त्याला किमान १७ इंचांचं चाक लागतं. १५ इंचांच्या रिममध्ये तो मावतच नाही.

दुसरी बाजू मागची. मागे रुंद आणि मऊ स्लिक असतात, त्यामुळे साध्या गाडीच्या मानाने ड्रॅगच्या गाडीत मागचे ब्रेक बरंच जास्त काम करू शकतात. मागे ९ इंचांचे जुने ड्रम आणि पुढे नवे भारी ब्रेक, ही जोडी मला पैशांचा अपव्यय वाटते. पुढचं काम काढाल तेव्हा मागच्याचंही ठरवून ठेवा.

तेव्हा सुरुवात चाकापासून करा. जे चाक लावायचं आहे ते आधी आणा. बहुतेक ब्रेक बनवणारे कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, मापाचा नकाशा देतात. तो पुठ्ठ्यावर कापून रिमच्या आत धरून बघा. कॅलिपर आणि रिम यांच्यात निदान ३ मिलिमीटर मोकळी जागा हवी. चाकाच्या आऱ्यांकडेही बघा, कारण अनेकदा नडतात त्या आऱ्याच.

तीन वाटा

पहिली वाट: स्पिंडल, म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं आणि ज्याच्यासह वळतं तो भाग, मूळचाच ठेवायचा आणि त्यावर हलकं ड्रॅग ब्रेक किट बसवायचं. १९८७ ते १९९३ च्या ५.० गाडीचा स्पिंडल चांगला मजबूत आहे. त्यावर ॲल्युमिनियमचा पाच बोल्टचा हब, पातळ सलग डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर अशी किट मिळतात. भूमिती बदलत नाही, टाय रॉड (स्टीअरिंगला स्पिंडलशी जोडणारा दांडा) आणि बॉल जॉइंट (सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला स्पिंडल जोडणारा गोल सांधा) तेच राहतात. गाडी ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर नेत असाल तर हीच वाट घ्या.

दुसरी वाट: १९९४-९५ च्या मस्टँगचा, म्हणजे एसएन-९५ चा स्पिंडल. यात बेअरिंग सीलबंद हबमध्येच असते, ग्रीस भरायची किंवा खेळ, म्हणजे ढिलेपणा, जुळवायची भानगड नाही. चार बोल्टऐवजी ५ × ४.५ इंचांचा पाच बोल्टचा पॅटर्न मिळतो. भंगारच्या यार्डात जोडी स्वस्तात मिळून जाते. वजन मात्र पहिल्या वाटेपेक्षा जास्त, आणि चाक दोन्ही बाजूंना थोडं बाहेर सरकतं. आठवड्यात ऑफिसला आणि शनिवारी ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला मी हेच सुचवतो.

तिसरी वाट: १९९६ नंतरचा स्पिंडल. दिसायला सारखाच, पण स्टीअरिंग आर्मची उंची वेगळी आहे. फॉक्सच्या स्टीअरिंग रॅकबरोबर तो लावला की टाय रॉडचा कोन बिघडतो आणि गाडी वर-खाली होताना चाकं आपोआप वळू लागतात. यालाच बंप स्टीअर म्हणतात. तो सुधारणाऱ्या किटशिवाय याच्या नादी लागू नका. यार्डवाले ९४ ते २००४ चे स्पिंडल एकाच ढिगात ठेवतात, तेव्हा कुठल्या सालाच्या गाडीवरून काढला ते विचारून घ्याच.

पुढे पाच बोल्ट झाले की मागेही पाच हवेत. म्हणजे ८.८ इंची ॲक्सलचे शाफ्टही बदलणं आलं. बजेट मांडताना हे धरा.

पातळ डिस्कबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ताशी १३० मैलांवरून थांबताना ७० टक्के उष्णता पुढच्या दोन डिस्कमध्ये गेली असं धरू. ३ किलोची डिस्क एका थांबण्यात ६०० अंश सेल्सिअसने तापेल. ६.५ किलोची जेमतेम २८० अंशांनी. खऱ्या गाडीत हवेचा विरोधही बराच वेग खातो, म्हणून आकडे याहून कमी येतात, पण प्रमाण तेच राहतं. पातळ डिस्क एकदा तापवायची आणि अर्धा तास थंड होऊ द्यायची, यासाठीच असते. घाटातून उतरायला किंवा सिग्नलच्या गर्दीला ती नाही. 'स्ट्रिपसाठीच' असं किटवर लिहिलेलं असतं, ते खरंच मनावर घ्या.

गाडी उचलण्याआधी

यार्डातून आणलेला स्पिंडल वायर ब्रशने स्वच्छ करा. बॉल जॉइंट आणि टाय रॉड बसतात ती निमुळती भोकं बोटाने चाचपून बघा. आत कड किंवा ओरखडा लागला तर तो स्पिंडल परत करा. जिथे बेअरिंग बसतं त्या दांड्यावर निळसर डाग असेल तर तो कधीतरी जळालेला आहे. दोन्ही स्पिंडल शेजारी ठेवून पट्टीने मापं ताडून बघा. अपघातात वाकलेला असेल तर डाव्या-उजव्यात फरक दिसतो.

लागणाऱ्या नव्या वस्तू: हबचे नट, स्प्लिट पिना, स्पिंडलला जुळणारे बाहेरचे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट खेळत असेल तर तो, ब्रेकचे होज आणि तांब्याचे वायसर. हबचा नट एकदाच वापरायचा असतो. तो परत वापरू नका.

स्पिंडल काढणं

फॉक्समध्ये कॉइल स्प्रिंग स्ट्रटभोवती, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाभोवती, नसते. ती खालच्या आर्म आणि के-मेंबर (इंजिनखालची चौकट) यांच्यामध्ये दाबून बसवलेली असते. स्ट्रट किंवा बॉल जॉइंट सोडला की त्या स्प्रिंगला अडवणारं काही उरत नाही आणि आर्म जिवावर बेतेल एवढ्या जोराने खाली येतो. गाडी स्टँडवर ठेवा, आणि खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ, जॅक लावा. स्प्रिंगवर हलका भार येईपर्यंत तो वर घ्या. स्पिंडल पूर्ण बसून घट्ट होईपर्यंत हा जॅक हलवायचा नाही. गाडीला कॉइलओव्हर (स्ट्रटभोवती स्प्रिंग असलेले) बसवलेले असतील तर हा धोका नाही, तरी आर्मला आधार द्याच.

मग क्रम असा. कॅलिपर सोडा आणि तारेने वर टांगा, होजवर लोंबू देऊ नका. डिस्क काढा. टाय रॉडची पिन काढून नट दोन आट्यांवर आणा, आणि स्टीअरिंग आर्मच्या टोकाला, बोल्टवर नव्हे, बाजूने हातोड्याचे दोन जोरकस घाव घाला. निमुळता सांधा खट् करून सुटतो. बॉल जॉइंटचंही तसंच. नट पूर्ण काढू नका, तोच शेवटचा आधार आहे. फाट्याच्या हत्याराने बॉल जॉइंट सोडवला तर त्याचा रबरी बूट फाटतो, म्हणून जुना बॉल जॉइंट ठेवायचा असेल तर हातोडाच बरा. शेवटी स्ट्रटचे दोन बोल्ट काढा, मग बॉल जॉइंटचा नट, आणि स्पिंडल हातात येईल.

नवा स्पिंडल बसवणं

बॉल जॉइंटवर स्पिंडल बसवा आणि कंगोऱ्याचा नट लावून बघा. नट घट्ट झाल्यावर पिनेचं भोक कंगोऱ्यांच्या खाचांसमोर यायला हवं. भोक नटाच्या वर राहत असेल तर बॉल जॉइंट त्या स्पिंडलचा नाही. जुळणारा बॉल जॉइंट आणा. पिन घालण्यासाठी नट कधीच मागे फिरवू नका, पुढची खाच येईपर्यंत घट्टच करा. फॉक्सच्या बॉल जॉइंटला ८० ते १२० फूट-पाउंड आणि टाय रॉडला ३५ ते ४७ फूट-पाउंड टॉर्क असतो.

स्ट्रटच्या दोन कानांमध्ये स्पिंडल बसवताना फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवायची नाही. त्याने कान वाकतो आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, कधीच स्थिर राहत नाही. फटीएवढी पोलादी शिम (पातळ चकती) घाला.

एसएन-९५ चा हब असेल तर नवा नट टॉर्क रेंचने २२१ ते २९५ फूट-पाउंडांपर्यंत आवळा. इम्पॅक्ट गनने आवळून 'झालं असेल' म्हणणं इथे चालत नाही.

पहिल्या वाटेने गेलात आणि हबमध्ये निमुळते रोलर बेअरिंग असतील, तर हे काम सावकाश करा. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा. दुसऱ्या कडेने, रोलरांच्या मधून ग्रीस बाहेर आलं पाहिजे. पूर्ण फेरी होईपर्यंत हे करा. हब चढवल्यावर तो एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताने नट १७ ते २५ फूट-पाउंडांपर्यंत आवळा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं. मग अर्धा फेरा सैल करा आणि पुन्हा नुसत्या बोटांनी लागेल तेवढाच घट्ट करा. पिन घाला. चाक लावल्यावर वर आणि खाली धरून हलवा. हाताला जेमतेम जाणवेल इतकाच खेळ हवा. अजिबात खेळ नसेल तर बेअरिंग तापून जळेल, आणि खेळ जास्त असेल तर डिस्क डुगडुगून पॅड मागे ढकलेल आणि शेवटी पेडल खाली जाईल.

डिस्क आणि कॅलिपर

डिस्क लावून डायल इंडिकेटरने वाकडेपणा मोजा. एका फेरीत ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. जास्त आला तर डिस्क हबवर एक बोल्ट पुढे फिरवून पुन्हा मोजा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

कॅलिपर डिस्कच्या बरोबर मधोमध हवा. डिस्कपासून कॅलिपरच्या आतल्या दोन्ही भिंतींपर्यंतचं अंतर मोजा आणि किटमधल्या शिम कमी-जास्त करून ते सारखं करा. पॅडची वरची कड डिस्कच्या कडेबाहेर येऊ नये. ब्रॅकेटच्या बोल्टांना थ्रेडलॉक लावा किंवा सेफ्टी वायर बांधा.

कॅलिपरची बाजूही तपासा. हवा काढायचा निपल वरच्या बाजूला असला पाहिजे. तो खाली आला असेल तर डावा-उजवा अदलाबदल झाला आहे, आणि त्या कॅलिपरमधली हवा कितीही पंप केलं तरी निघणार नाही.

चाकाच्या बोल्टांबाबत एनएचआरए या अमेरिकन ड्रॅग शर्यत संस्थेचा नियम सरळ आहे: नटात शिरलेल्या आट्यांची लांबी बोल्टच्या जाडीइतकी किंवा जास्त हवी. अर्ध्या इंची बोल्टला अर्धा इंच. बोल्ट बाहेर किती दिसतो याला अर्थ नाही. रेसच्या चाकांना उघड्या तोंडाचे नट वापरा, म्हणजे आटे किती धरलेत ते डोळ्यांनी दिसतं.

मास्टर सिलिंडरचं गणित

नवे ब्रेक लावून पेडल लाकडासारखं कडक लागतं आणि गाडी थांबत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. चूक बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलच्या जोरातून तेलाचा दाब तयार करणाऱ्या सिलिंडरच्या, मापात असते. पायाचा जोर गुणिले पेडलचा रेशो (पेडल तो जोर किती पट करतं), भागिले सिलिंडरचं क्षेत्रफळ, एवढाच दाब कॅलिपरला मिळतो.

इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा मोठा कॅम लावला की इंजिनचा व्हॅक्यूम पडतो आणि त्यावर चालणारा, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर निकामी होतो, म्हणून ड्रॅगवाले तो काढून टाकतात. बूस्टर नसताना पेडलचा रेशो ६ च्या आसपास हवा, आणि त्यासाठी पेडलवरची पिन वर सरकवावी लागते. आता समजा, पायाने १०० पाउंड जोर दिला. ६०० पाउंड सिलिंडरवर आले. १ इंची बोअर असेल तर दाब ७६४ पीएसआय. तोच ७/८ इंची घेतला तर ९९८ पीएसआय. पाय तोच, जोर तोच, दाब तीस टक्के जास्त. लहान बोअरला पेडल थोडं जास्त खाली जातं, एवढीच त्याची किंमत. फॉक्सचा मूळ सिलिंडर २१ मिलिमीटरचा आहे. चार पिस्टनच्या कॅलिपरला लागणारं तेल तो देतो का, हे कॅलिपरच्या कागदावरून ताडून बघा.

मागे ड्रमऐवजी डिस्क लावली तर मूळ कॉम्बिनेशन व्हॉल्व्हमधला मागचा दाब रोखणारा भाग काढून, मागच्या पाइपात हाताने जुळवता येणारा, मागचा दाब कमी-जास्त करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवा. रुंद स्लिकला मागे किती दाब द्यायचा, ते ट्रॅकवरच ठरतं.

पाइप आणि लाइन लॉक

लाइन लॉक म्हणजे बर्नआउटच्या (टायर तापवायला मागची चाकं जागेवर फिरवण्याच्या) वेळी पुढचे ब्रेक धरून ठेवणारा सोलेनॉइड. तो फक्त पुढच्या सर्किटमध्ये, मास्टर सिलिंडर आणि पुढच्या कॅलिपरांच्या मध्ये येतो. उष्णतेपासून दूर, ब्रॅकेटवर घट्ट बसवा. त्याचा हँडब्रेक म्हणून उपयोग करू नका.

पाइप पोलादी हवेत, लवचिक जागी जाळीचे होज. चाक पूर्ण डावी-उजवीकडे वळवून, आणि सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबवून होज ताणला जात नाही ना ते बघा. लाँचला, म्हणजे गाडी सुटताना, नाक वर उचललं जातं तेव्हा होजला नेमकी तीच जास्तीची लांबी लागते. फ्लायव्हीलच्या शेजारून जाणारा पाइप फ्रेमच्या बाहेरून न्या, नाही तर १/८ इंच जाडीच्या, १६ इंच लांब पोलादी नळीत घाला. एनएचआरएची ही अट आहे, आणि क्लच फुटला तर तीच ब्रेक वाचवते.

हवा काढणं

ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल वापरा. कोरडं असताना ते निदान २३० अंशांना उकळतं, डॉट ३ ला ही मर्यादा २०५ आहे. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. मास्टर सिलिंडर आधी टेबलावर ब्लीड करा, म्हणजे त्यातली हवा काढा. मग मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. चार पिस्टनच्या कॅलिपरला दोन निपल असतील तर हवा दोन्हींमधून काढा. शेवटी लाइन लॉकचं बटण थोडा वेळ दाबून सोडा आणि पुढच्या दोन्ही बाजू पुन्हा एकदा ब्लीड करा, त्यात अडकलेली हवा तेव्हाच सुटते. पेडल दाबून पूर्ण एक मिनिट धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक जोडावर पांढरा कागद टेकवून बघा.

अलाइनमेंट आणि बंप स्टीअर

स्पिंडल बदलल्यावर अलाइनमेंट टाळून चालत नाही. टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, शून्य ते १/१६ इंच आत ठेवा. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, मात्र वाढवा. मूळ गाडीत तो जेमतेम अंशभर असतो, कॅस्टर-कॅम्बर प्लेट लावून ३ ते ४ अंश मिळाले की वेगात स्टीअरिंग स्वतःहून सरळ येतं.

यानंतरचं मोजमाप बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा त्यातच आहे. स्प्रिंग काढून ठेवा, स्टीअरिंग सरळ बांधा, हबवर एक सपाट पत्रा लावा आणि त्याच्या पुढच्या-मागच्या कडांवर दोन डायल इंडिकेटर टेकवा. जॅकने आर्म एक-एक इंच वर-खाली करत, नेहमीच्या उंचीपासून ३ इंचांपर्यंत दोन्हीकडे, टो किती बदलतो ते वहीत लिहा. लाँचला नाक वर येतं आणि ब्रेकला खाली बसतं, म्हणून दोन्ही दिशा महत्त्वाच्या. टाय रॉड एंडची उंची शिमने बदलत, आकडा जवळजवळ हलेनासा होईपर्यंत पुन्हा मोजा. डावं झालं की उजवं, स्वतंत्रपणे. एका बाजूची शिम दुसऱ्या बाजूला तशीच लागू पडेल असं धरू नका.

पहिल्या फेऱ्या

पॅड आधी डिस्कवर घासून रुळवा. रिकाम्या रस्त्यावर ३० मैलांवरून आठ-दहा वेळा हळू, मग ५० वरून थोडं जोरात, पूर्ण न थांबता. मग गाडी थंड होऊ द्या. ट्रॅकवर पहिली फेरी अर्ध्या थ्रॉटलची. वेग कमी करताना हात सैल ठेवा आणि गाडी कुठे ओढते ते बघा. एका बाजूला ओढत असेल तर त्या गाडीने पूर्ण फेरी मारायची नाही, आधी पॅडवर ग्रीस लागलंय का ते तपासा, मग कॅलिपरचं मधोमध असणं, मग टो.

मागचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बंद बाजूने सुरू करा आणि प्रत्येक फेरीनंतर अर्धा फेरा उघडा. मागचं चाक कुरकुरलं की एक फेरा परत घ्या आणि तिथेच खूण करा. ताशी १५० मैल गाठणाऱ्या गाडीला एनएचआरएच्या नियमाने पॅराशूट लागतंच. पण पॅराशूट आहे म्हणून ब्रेकचं काम अर्धवट सोडू नका. दोरी अडकली तर थांबवायला हेच चार कॅलिपर उरतात.

लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तिथे पळणाऱ्या गाड्या वेगळ्या, स्पिंडलऐवजी नकल म्हणतात आणि बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या. तरीही अरुंद टायरला साजेसा ब्रेक, मास्टर सिलिंडरचं गणित आणि बंप स्टीअरचं मोजमाप त्यांनाही तसंच लागू पडतं.

पिटमध्ये परतल्यावर प्रत्येक चाकाच्या हबवर हात धरा, चिकटवू नका, फक्त ऊब घ्या. एक हब बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला पॅड बघा. पहिल्या दिवसानंतर चाकाचे नट, ब्रॅकेटचे बोल्ट आणि स्ट्रटचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि प्रत्येकावर रंगाची रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी रेघ मोडलेली दिसली तर तो बोल्ट सैल झाला आहे.